अकरा वर्षांचा डिशवॉशर : दुरुस्त करायचा की बदलायचा? जुळे सोलापुरातल्या नोंदी

यंत्र : समोरून दार उघडणारं, १२ जणांच्या भांड्यांचं. २०१४ साली ३२ हजारांना घेतलेलं. घरात सहा माणसं, दिवसाला एक फेरी, सणावाराला दोन. कुणाला अशीच दुरुस्ती करायची असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून दर टप्प्याला नोंदी ठेवल्या आहेत. मी वीजकामातली नाही. मल्टिमीटर सासऱ्यांचा, अप्पांचा. त्यांचे पूर्व भागात यंत्रमाग होते, त्यामुळे घरात पाने-पक्कड भरपूर आणि सल्ले त्याहून जास्त.

९ मार्च २०२५, रविवार

महिनाभरापासून भांडी तेलकट आणि गार निघत होती. साबणाची वडी टाकली की अर्धी कप्प्यातच चिकटून राहायची. आज नवीनच सुरू झालं : बटण बंद केलं तरी आतला पाणी उपसणारा पंप घरघरत राहिला. प्लग काढला तेव्हा कुठे थांबला.

पंप असा अखंड चालला की समजायचं, यंत्राच्या तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचलंय. ट्रेमध्ये थर्माकोलसारखा एक तरंगता तुकडा असतो. तो वर उचलला गेला की स्विच दाबला जातो आणि यंत्र बाकी सगळं सोडून पाणी बाहेर फेकत बसतं. पंपात बिघाड नसतो, तो सांगितलेलं काम करत असतो.

नळ बंद केला, यंत्र ओढून बाहेर घेतलं आणि मागे कलतं केलं. खाली जुने टर्किश टॉवेल अंथरले होते, ते गच्च भिजले. पाणी काढल्यावर पंप गप्प झाला. गळती कुठे आहे ते अजून कळलेलं नाही. एकट्या माणसाने हे यंत्र कलतं करू नये, पाठ धरते.

११ मार्च

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस येऊन गेला. भेटीचे ५०० आणि जीएसटी धरून ५९०. त्याने पॅनेलवरचा बिघाडाचा कोड पाहिला, दार उघडून बंद केलं आणि मोबाइलवर अंदाजपत्रक बनवलं : पीसीबी (म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) ११,२००, हीटर ६,४००, पाण्याचा पाइप १,१००, मजुरी ९००. एकूण १९,६००. एकही स्क्रू काढला नाही.

"मॅडम, एवढ्यात निम्मं नवीन येतंय. पाडव्याला ऑफर आहे, घेऊन टाका."

दुकानातही विचारून आले. १३ जणांचं नवं यंत्र ४१,५००, जुनं दिलं तर तीन हजार कमी, पाडव्यापर्यंतच. म्हणजे ३० तारखेच्या आत ठरवायचं.

संध्याकाळी अप्पांशी बोलणं झालं. कारखान्यात माग भंगारात काढायचा की नाही हे ठरवताना ते आधी सांगाडा बघायचे. सांगाडा सरळ असेल तर सुटे भाग बदलत राहायचे, सांगाडाच वाकला असेल तर एक रुपया घालायचा नाही. डिशवॉशरचा सांगाडा म्हणजे आतली स्टीलची टाकी आणि भांड्यांवर पाणी मारणारा फिरता पंप. टाकी बॅटरी लावून कोपऱ्याकोपऱ्यात पाहिली, कुठेही गंज नाही. पंपाचा आवाज पहिल्यापासून आहे तसाच. म्हणून आठ हजारांची मर्यादा घातली. खर्च त्यापुढे जातोय असं दिसलं की थांबायचं आणि नवं आणायचं. ही मर्यादा पहिला स्क्रू काढायच्या आधी ठरवावी. एकदा हात काळे झाले की माणूस "आता एवढं केलंच आहे तर" म्हणत पैसे घालत राहतो.

१४ मार्च, धूलिवंदन

सुट्टी होती. पोरं रंगात, आम्ही दोघं यंत्राखाली. प्लग काढलेला, नळ बंद.

गळती पाच मिनिटांत सापडली. तळातल्या पाण्याच्या पाइपला उंदराने कुरतडून करंगळी जाईल एवढं भोक पाडलं होतं. लेंड्याही तिथेच. यंत्राचा तळ मागून उघडा असतो आणि फेरी संपल्यावर आत ऊब राहते, त्याला आणखी काय हवं? पाइप स्थानिक दुकानात ३८० ला मिळाला. आतल्या टोकाचा व्यास वेगळा निघाला, म्हणून जुन्या पाइपाचं टोक कापून क्लिपने जोडलं. मागच्या उघड्या भागाला बारीक लोखंडी जाळी बसवली, ती घरातच पडली होती.

मग हीटर. दोन्ही वायरी सोडवून मल्टिमीटर लावला : २७ ओहम. हिशेब सोपा आहे. २३० चा वर्ग भागिले २७, म्हणजे सुमारे १,९६० वॅट. पाठीमागच्या पट्टीवर २,००० वॅट लिहिलंय. म्हणजे हीटर ठणठणीत. हीटरचं टोक आणि बॉडी यांच्यातही मोजलं, कुठेही जोड दिसत नाही, म्हणजे निदान मल्टिमीटरला दिसेल एवढी वीज बॉडीत उतरत नाही. हीटर तुटला असता तर मीटरने काहीच दाखवलं नसतं. ६,४०० चा भाग अंदाजपत्रकात कशाच्या आधारावर आला हे मला अजून कळलेलं नाही.

तापमान ओळखणारा सेन्सर काढून मुठीत धरला. हाताच्या उबेने ओहम हळूहळू उतरत गेले. तोही जिवंत.

राहिला बोर्ड. दाराच्या वरच्या पट्टीतून काढला. त्याआधी प्रत्येक वायरीचा फोटो काढून ठेवला होता, तो पुढे फार कामाला आला. बोर्डाच्या मागे हीटरच्या रिलेच्या, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, पायाशी तपकिरी डाग होता. बोटाने हलकं दाबलं की मीटर बीप करायचा, सोडलं की गप्प.

१७ मार्च

बोर्ड घेऊन नव्या पेठेतल्या एका गल्लीत गेले. तिथला माणूस इन्व्हर्टर आणि टीव्ही दुरुस्त करतो. त्याने भिंग लावून पाहिलं.

"ताई, बोर्ड जळालं नाय. निस्तं सोल्डर सुटलंय."

दोन किलोवॅटचा हीटर म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. एवढा करंट वर्षानुवर्षं एका बारीक टाक्यातून जात राहिला की तो टाका तापतो, निवतो, तापतो, निवतो आणि शेवटी त्याला चीर पडते. मग रिले टक् करून चालू होतो, पण पुढे वीज जात नाही. यंत्राला वाटतं हीटर मेला, ते कोड दाखवतं आणि सर्व्हिसवाला तो कोड वाचून हीटरही लिहितो, बोर्डही लिहितो.

त्याने जुनं सोल्डर ओढून काढलं, जळका पट्टा खरवडून त्यावर तांब्याची तार टाकली आणि रिलेही नवा बसवला : १६ अँपिअरचा, १२ व्होल्ट कॉइलचा. ३५० रुपये. नुसतं सोल्डर मारून देणारेही भेटतील, पण रिले बदलून घ्या. आतले पॉइंट काळे झालेले असतात.

१८ मार्च

रात्री जोडून पहिली फेरी लावली. अर्ध्या तासाने दार उघडलं तर चष्म्यावर वाफ. भांडी गरम, तेल नाही, वडी पूर्ण विरघळलेली.

पण काचेचे पेले पांढरट. पुसले तर बोटाला पीठ लागल्यासारखं. तव्याएवढी मोठी ताटं वाळल्यावर त्यांवर ओघळ. आई म्हणाल्या, "अगं, हे असं तर तीन-चार वर्षांपासूनच आहे." खरं आहे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की तो बिघाड वाटतच नव्हता.

२२ मार्च

इथून पुढचं सगळं पाण्याचं. दुरुस्ती की नवा हा प्रश्न माझ्यापुरता याच नोंदीत सुटला.

यंत्र घेतलं तेव्हा घरात फक्त महापालिकेचं, उजनीचं पाणी होतं. ते चार-पाच दिवसांआड येतं. २०१९ च्या उन्हाळ्यात भागेना म्हणून बोर मारलं. गच्चीवर दोन टाक्या झाल्या, एक नळाच्या पाण्याची, एक बोरची. मागच्या धुण्याच्या जागेतले सगळे नळ बोरवर गेले आणि त्यांच्याबरोबर डिशवॉशरही.

पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायचं थेंबांचं किट ४५० ला मागवलं. टीडीएस मीटरने हे काम होत नाही. तो पाण्यातले सगळेच क्षार एकत्र मोजतो, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे सांगत नाही. डिशवॉशरचा सॉफ्टनर, म्हणजे मिठाच्या जोरावर पाणी मऊ करणारा भाग, कॅल्शियम काढून सोडियम घालतो, त्यामुळे तो उत्तम चालत असला तरी टीडीएसचा आकडा जवळपास तेवढाच राहतो. बरेच जण तो आकडा बघून सॉफ्टनर बाद ठरवतात.

आमचे आकडे : नळाचं पाणी लिटरला २१० मिलिग्रॅम, बोरचं ६५०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं आहे. आमचं बोर त्याच्याही पुढे. डिशवॉशरच्या पुस्तिकेत जडपणा जर्मन डिग्रीत असतो. मिलिग्रॅमच्या आकड्याला १७.८ ने भागायचं. नळाचं पाणी सुमारे १२ डिग्री, बोरचं साडेछत्तीस. यंत्रावरची जडपणाची सेटिंग मात्र २०१४ ला बसवणाऱ्याने ठेवली तीच, नळाच्या पाण्याची.

सेटिंग वाढवली, मीठ भरलं, दोन फेऱ्या झाल्या. मधेच दार उघडून कपभर पाणी काढून मोजलं : ६४०. म्हणजे सॉफ्टनर काहीच करत नव्हता. मिठाच्या टाकीतली पातळीही तसूभर हलली नव्हती. मीठ संपत नसेल तर खूश होऊ नका, त्याचा अर्थ ते आत जातच नाही.

टाकीत चमच्याची दांडी घातली तर तळाला दगड. घरात मधली काही वर्षं खडे मीठ वापरलं जात होतं. आईंचं म्हणणं, "मीठ ते मीठ. पंधरा रुपयांचं सोडून दीडशेचं कशाला?" पण खड्याच्या मिठात मातीचा अंश असतो आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमही असतं. म्हणजे जे काढायचं तेच आपण घालत होतो. आयोडीनवालं बारीक मीठही नको, ते घट्ट बसतं आणि मोकळं राहावं म्हणून त्यात मिसळलेली पूड आत साचते. डिशवॉशरचं मीठ जाड, शुद्ध आणि बाकी काही न मिसळलेलं असतं, एवढाच त्याचा मोठेपणा.

कोमट पाणी ओतून, हलवून, पंपाच्या पिचकारीने ओढून काढत दगड विरघळवला. अख्खी दुपार गेली. नवं मीठ भरून पुन्हा फेरी लावली, पुन्हा मोजलं : २६०. अर्धमेला सॉफ्टनर अर्ध्याहून थोडं जास्त काम करतोय. त्याचं नवं युनिट या मॉडेलला मिळत नाही, दोन ठिकाणी विचारलं.

आता नव्या यंत्राचं गणित मांडून पाहिलं. ४१,५०० चं यंत्र आणून मी ते याच बोरच्या नळाला जोडणार होते. पहिली दोन वर्षं चकचकीत, मग पुन्हा पांढरे पेले. बसवायला येणाऱ्याने पाणी मोजलं असतं असं मला वाटत नाही. ऑफर सोडून दिली.

२३ मार्च

आतला क्षार काढला. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, दोनशे ग्रॅम. रंगकामाची केमिकल विकणाऱ्या दुकानात अर्धा किलो १२० ला मिळालं. रिकाम्या यंत्राच्या तळात टाकून ४५ डिग्रीची फेरी लावली. ७० ची लावू नका. फार तापलेल्या पाण्यात त्याचं कॅल्शियमशी जे मिश्रण होतं ते नीट विरघळत नाही आणि पुन्हा बसतं.

फेरी संपली, टाकी आरशासारखी. पण दुसऱ्या फेरीत वरच्या कप्प्यातली भांडी कोरडीच. क्षाराचे पापुद्रे सुटून फवारणाऱ्या पंख्याच्या भोकांत अडकले होते. पंखे काढून दातकोरणीने एकेक भोक मोकळं केलं, पंखा कानाशी हलवला तर आत खुळखुळा. उलटा धरून नळाखाली धुतला. चाळणीतही क्षार, आणि त्याखाली शेंगा चटणीचा लगदा. आमच्याकडे ताटाला चटणी लागलेली असतेच. शेंगदाण्याचा तेलकट चुरा बारीक चाळणीत सिमेंटसारखा बसतो. खरकटं झटकून ठेवता, तशी चटणीही पुसून काढा.

२५ मार्च

तळात पुन्हा पाणी! उंदीर नाही, पाइप शाबूत. फिरता पंप जिथे टाकीच्या तळाला जोडतो तिथली रबरी रिंग झिरपत होती. ती केव्हाच कडक झाली असणार, इतकी वर्षं क्षारानेच फट बुजवून ठेवली होती. तो काढला आणि गळती उघडी पडली. जुन्या यंत्राला लिंबूसत्त्व घालणाऱ्यांनी पहिले तीन-चार दिवस ट्रेवर नजर ठेवावी.

कंपनीत ही रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण तळभागच घ्यावा लागतो. जुनी रिंग घेऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या ऑइल सीलच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "तेल का पाणी?" गरम पाणी आणि साबण म्हटल्यावर त्यांनी नायट्रिलची बाजूला सारून ईपीडीएमची दिली. नायट्रिल तेलासाठी, ईपीडीएम गरम पाण्यासाठी आणि क्षारीय साबणासाठी. दोन रिंगा साठ रुपयांत, एक राखीव.

बसवायला मात्र रात्र झाली. पंप काढायला यंत्र आडवं करावं लागतं, आणि एक क्लिप अशा जागी आहे की तिथे फक्त लहान मुलाचा हात जाईल. शेवटी मुलानेच लावली.

२७ मार्च

प्लंबर. स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्याच्या लाइनला टी टाकून भिंतीपलीकडे डिशवॉशरपर्यंत नवा फाटा काढला. सामान ५२०, मजुरी ७००.

घरात कुरकुर झाली, की पाच दिवसांआडचं नळाचं पाणी भांड्यांना? एका फेरीला पुस्तिकेप्रमाणे १२ लिटर लागतात. पाच दिवसांचे ६० लिटर, हजाराच्या टाकीतून. मावशी भांडी घासायच्या तेव्हा मोरीतला नळ चालूच असायचा, ते पाणी कुणी मोजत नव्हतं, कारण ते बोरचं होतं.

जोडल्यावर यंत्र पाणीच भरेना, पॅनेलवरचा नळाच्या चिन्हाचा दिवा लागला. बोरच्या लाइनला प्रेशर पंप आहे, ही लाइन नुसत्या उंचीवर चालते. बहुतेक यंत्रांना ०.३ ते ०.५ बार दाब लागतो आणि दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार मिळतो. आमची टाकी सहा-सात मीटर वर आहे, म्हणजे पुरायला हवं होतं. पाइप सोडून पाहिला तर यंत्राच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बोरच्या वाळूने आणि क्षाराने बुजलेली. पंपाच्या जोरावर आजवर चालत होतं इतकंच. ब्रशने साफ केली आणि भरायला लागलं. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मात्र उंचीच मिळत नाही, त्यांनी हा फाटा काढण्याआधी बादली आणि घड्याळ घेऊन धार मोजावी.

आतलं पाणी मोजलं : ७० च्या आसपास. सेटिंग परत खाली आणली.

३० मार्च, पाडवा

पुरणाची पातेली, कटाची कढई, वीसेक ताटं, दोन फेऱ्या. पेले स्वच्छ. कुकरचं ॲल्युमिनियमचं झाकण कुणीतरी आत ठेवलं आणि ते काळं पडलं. तो यंत्राचा दोष नाही, डिशवॉशरची पूड ॲल्युमिनियमला मानवतच नाही. लोखंडी तवा आणि पितळ्याही बाहेरच.

आजवरचा खर्च : भेट ५९०, पाइप ३८०, बोर्ड ३५०, किट ४५०, लिंबूसत्त्व १२०, रिंगा ६०, प्लंबर आणि सामान १,२२०, मीठ ३००. एकूण ३,४७०. यातले ५९० निव्वळ पाण्यात गेले. तीन आठवडे मोरीत भांडी घासली ती वेगळीच, आणि त्याबद्दल घरात मला अजून ऐकावं लागतं.

२० एप्रिल

संध्याकाळची फेरी नेहमीपेक्षा बरीच लांबतेय. पुन्हा बोर्ड उघडायच्या आधी प्लगमध्ये मीटर घातला : १९० व्होल्ट. बाहेर ४२ डिग्री, गल्लीभर कूलर आणि एसी सुरू. व्होल्टेज इतकं उतरलं की दोन किलोवॅटचा हीटर जेमतेम १.३६ किलोवॅट देतो, पाणी तापायला वेळ लागणारच. फेरी रात्री अकरानंतर लावायला लागलो, वेळ पूर्ववत झाला.

१ जून

मीठ आता संपतंय, म्हणजे आत जातंय. ट्रे कोरडा. खालच्या जाळीच्या दोन काड्यांचं प्लॅस्टिक सोलून गंज दिसतोय, त्यावर मत्स्यालयाच्या पंपाची सिलिकॉन नळी कापून चढवली आहे, किती टिकते बघू.

आठ हजारांची मर्यादा अजून लागू आहे, ४,५३० शिल्लक. फिरता पंप गेला तर त्यातच ती ओलांडेल आणि मग मी नवं घेईन, नळाच्याच लाइनवर. सध्या दाराच्या उजव्या स्प्रिंगची दोरी विरलीय, दार सोडलं की धाडकन खाली येतं. दोरीची जोडी मागवली आहे. तोवर दार दोन हातांनी उघडायचं असं सगळ्यांना सांगितलंय.